तिसऱ्या माणसाचा विमा

मुंबई–अहमदाबाद महामार्ग मनोर मागे टाकून डहाणू तालुक्यात शिरतो. चारोटी, विवळवेढ्याची महालक्ष्मी, धानिवरी, दापचरी, तलासरी करत आच्छाडच्या पुढे तो गुजरातेत जातो. नकाशावर हा दोन महानगरांना जोडणारा रस्ता आहे. जुना क्रमांक ८, आताचा ४८. इथल्या माणसांना मात्र तो गावातल्या रस्त्यासारखाच वापरावा लागतो. भिलाड, उंबरगाव, वापीच्या कारखान्यांत पाळीला जाणारे तरुण डबलसीट, ट्रिपलसीट मोटारसायकलवरून याच रस्त्याला लागतात. चिकूचे क्रेट भरलेले टेम्पो आणि दाटीवाटीने भरलेल्या जीप इथूनच जातात. आश्रमशाळेतली मुलं, बाजाराला निघालेल्या बाया, चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला आलेली माणसं तो पायी ओलांडतात. या सगळ्यांच्या मधून कंटेनर रात्रंदिवस धावत असतात.

४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावरील अपघातात मरण पावले. त्यानंतर काही आठवडे देशभर मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा झाली. ती आवश्यकच होती. पण ज्याच्याकडे सीटही नाही आणि पट्टाही नाही, अशा माणसाचं काय, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातली जवळपास निम्मी मोटारसायकल-स्कूटरवरची होती.

डोक्यावर मोळी घेऊन महामार्ग ओलांडणाऱ्या बाईकडे गाडी नसते, लायसन नसतं, विम्याची पॉलिसी तर नसतेच. तरीही मोटार विम्याची सक्ती करणारा कायदा आधी तिच्यासाठी आहे. गाडीवाल्यासाठी तो नंतर. ही गोष्ट लक्षात आली की बाकीचा कायदा समजायला सोपा जातो.

सक्ती कसली?

विम्याच्या करारात पहिला पक्ष गाडीचा मालक आणि दुसरा विमा कंपनी. गाडीमुळे ज्याचं नुकसान होतं तो तिसरा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार या तिसऱ्याच्या जोखमीचा विमा असल्याशिवाय कोणतंही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. केंद्र व राज्य सरकारची काही वाहनं आणि स्वतःचा भरपाई निधी उभारणारी राज्य परिवहन महामंडळं यांना सूट मिळू शकते. बाकी सर्वांना सक्ती आहे. आपल्याकडे ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात, म्हणजे स्वतःच्या गाडीची मोडतोड आणि चोरी यांचा विमा, तो ऐच्छिक आहे. कायद्याला फक्त ‘थर्ड पार्टी’शी कर्तव्य आहे.

ही सक्ती स्वातंत्र्याच्या आधीची आहे. ब्रिटनने १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यात ती आणली. तिच्याच धर्तीवर भारतातल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात विम्याचं प्रकरण आलं. पण प्रत्यक्ष अंमल सुरू झाला १ जुलै १९४६ ला. कारण सरळ होतं. गाडीने माणूस मेला की न्यायालय भरपाई द्यायला सांगे, आणि गाडीवाल्याकडे द्यायला काही नसे. हुकूमनामा हातात घेऊन विधवा रिकामी परतत असे. मालक कंगाल असला तरी भरपाई बुडू नये, म्हणून प्रत्येक गाडीच्या मागे विमा कंपनी उभी करण्यात आली.

विमा नसताना गाडी चालवली तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. ही शिक्षा चालवणाऱ्याला आहे, तशी चालवायला देणाऱ्यालाही आहे. इतकं असूनही देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांचा विमा नसल्याचं संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये नोंदवलं.

याचं एक कारण शोरूममध्येच सुरू होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटारसायकल पाच वर्षांच्या आणि नवी मोटार तीन वर्षांच्या थर्ड पार्टी विम्यासकट विकली जाते. त्या हप्त्याचा भार गाडीच्या किमतीत मुरून जातो. सहाव्या वर्षी मात्र कोणी आठवण करून देत नाही. तोवर गाडीचं कर्ज फिटलेलं असतं, कागद पत्र्याच्या पेटीत गेलेले असतात, आणि गाडी बहुधा दुसऱ्याच्या हातात असते.

सातशे चौदा रुपये आणि चोवीस लाख

थर्ड पार्टीचा हप्ता विमा कंपन्या आपल्या मर्जीने ठरवत नाहीत. केंद्र सरकार विमा नियामकाशी विचारविनिमय करून तो ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलला वर्षाचा हप्ता ७१४ रुपये होता, १,००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला २,०९४ रुपये, आणि साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू टेम्पोला १६,०४९ रुपये. जीएसटी वेगळा.

आता दुसरी बाजू पाहू. समजा, बत्तीस वर्षांचा एक मजूर मोटारसायकलच्या धडकेने गेला. महिन्याची कमाई १२,००० रुपये. मागे बायको, दोन मुलं आणि आई. अशा प्रकरणात भरपाई अंदाजाने ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत हिशेब घालून दिला आहे. वय चाळिशीच्या आत असेल तर स्वतः कमावणाऱ्याच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे: झाले १६,८०० रुपये. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश धरून वजा करायचा: उरले १२,६००. वर्षाचे १,५१,२०० रुपये. एकतीस ते पस्तीस वयासाठी गुणक १६. गुणाकार येतो २४,१९,२०० रुपये. अंत्यविधी आणि सहवासाला मुकल्याबद्दलच्या ठरलेल्या रकमा त्यावर आणखी. अर्ज केल्यापासूनचं व्याज न्यायाधिकरण सहसा देतंच.

विमा असेल तर हे पैसे कंपनी भरते, कारण मृत्यू आणि इजेच्या बाबतीत थर्ड पार्टी विम्याला रकमेची मर्यादा घातलेली नाही. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला: प्रचलित पॉलिसीत दुचाकीला एक लाख आणि मोटारीला साडेसात लाख रुपये. कोणाचा बैल मेला किंवा घराची पडवी कोसळली, तर ते नुकसान यात मोडतं.

विमा नसेल तर चोवीस लाख चालवणारा आणि मालक या दोघांवर येतात. गाडी धाकट्या भावाने नेली होती, हे सांगून मालक सुटत नाही. रक्कम भरली नाही तर कलम १७४ खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवतं आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होते. ७१४ रुपयांच्या हप्त्याने चोवीस लाख भरायचे म्हटले तर जवळपास ३,४०० वर्षं लागतील. दोन हजारांच्या दंडाला भिऊन विमा काढणाऱ्याने खरा धोका ओळखलेलाच नसतो.

एकाच टेम्पोतली तीन माणसं

आता कायद्याचा सर्वांत अवघड आणि डहाणू-तलासरीत सर्वांत महत्त्वाचा भाग. गाडीमुळे इजा झालेला प्रत्येक जण तिसरा पक्ष ठरत नाही.

चिकू घेऊन निघालेला एक टेम्पो घ्या. पॉलिसी चालू आहे, केवळ थर्ड पार्टीची. ड्रायव्हर पगारी नोकर आहे. शेजारी बागायतदार बसला आहे, त्याचेच क्रेट मागे आहेत. हौद्यात क्रेटच्या कडेला गावातली एक बाई आहे. चारोटीपर्यंत सोडा म्हणाली, म्हणून बसवून घेतली. टेम्पो उलटला आणि तिघंही जखमी झाली.

ड्रायव्हरला भरपाई आहे. मालकाचा कामगार म्हणून त्याची जोखीम पॉलिसीत घ्यावीच लागते. बागायतदारालाही आहे, १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्याच्या कक्षेत आणला. बाईला मात्र विमा कंपनीकडून हक्काने काही मिळत नाही. मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशाची जबाबदारी कंपनीवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये दिला. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याच्या मजकुरातच तो अपवाद लिहिला गेला. काही प्रकरणांत न्यायालयांनी ‘कंपनीने आधी द्यावं, मग मालकाकडून वसूल करावं’ असा मार्ग काढला आहे. पण तो न्यायालयाच्या विवेकावर आहे. एरवी तिला मालकाच्या मागे लागावं लागतं.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर बिऱ्हाड घेऊन निघालेली कुटुंबं, लग्नाचं वऱ्हाड, यात्रेकरू हे सगळे टेम्पोनेच जातात. दुसरं वाहन परवडत नाही किंवा मिळतच नाही. ज्या माणसांना विम्याची गरज सर्वांत जास्त, तीच नेमकी अपवादाच्या कलमात सापडतात. कायदा मालवाहू गाडीत माणसं बसू नयेत म्हणून कडक आहे, हे मान्य. पण त्या कडकपणाची किंमत गाडी चालवणारा मोजत नाही, हौद्यात बसणारा मोजतो.

मोटारसायकलचंही तसंच. समोरच्या गाडीच्या चुकीने अपघात झाला तर मागे बसलेला त्या गाडीच्या विम्यातून भरपाई मागू शकतो. पण आपलीच मोटारसायकल घसरली तर केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसणारा संरक्षित नसतो. २००६ च्या तिलक सिंग निकालाने हे स्पष्ट झालं. फुल इन्शुरन्स असेल तर तो संरक्षित असतो. आणि स्वतः चालवणारा मालक? तो कधीच तिसरा पक्ष नसतो. त्याच्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो. थर्ड पार्टी काढली म्हणजे आपण मेलो तरी घरच्यांना पैसे मिळतील, ही समजूत घरोघर आहे आणि ती चुकीची आहे.

प्रवासी जीपचं गणित निराळं आहे. आसनांइतके प्रवासी संरक्षित असतात, वरचे नसतात. २००७ च्या अंजना श्याम प्रकरणात बेचाळीस जणांचा विमा असलेल्या बसमध्ये नव्वद माणसं होती. न्यायालयाने सर्वांत मोठ्या बेचाळीस भरपायांची बेरीज कंपनीला भरायला लावली आणि ती रक्कम सगळ्यांत प्रमाणशीर वाटायला सांगितली. म्हणजे दाराला लटकलेला एक प्रवासी आत बसलेल्याच्या भरपाईतही वाटेकरी होतो. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीतून भाडं घेऊन प्रवासी नेले, तर परवान्याविना धंदा केला म्हणून कंपनी हात वर करते आणि दिलेले पैसे मालकाकडून वसूल करायची मुभा तिला मिळते.

लायसनच्या बाबतीत मात्र चालकांना दिलासा मिळाला आहे. हलक्या मोटार वाहनाचं लायसन असलेल्याने साडेसात टनांपर्यंतचा व्यावसायिक टेम्पो किंवा रिक्षा चालवली, तर वेगळी नोंद नाही म्हणून कंपनीला नकार देता येत नाही. हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. मुळात लायसनच नसेल तर हा निर्णय कामाचा नाही.

पाटी एकाची, गाडी दुसऱ्याची

सीमेवरच्या तालुक्यांत एमएच-०४ आणि एमएच-४८ च्या जोडीला वलसाडच्या जीजे-१५ पाटीच्या दुचाक्या सर्रास दिसतात. जुनी गाडी कमी किमतीत मिळते, चावी आणि आरसी बुक हातात येतं, नाव बदलायचं राहून जातं.

कायद्याच्या दृष्टीने आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. नवीन कुमार प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवलं. त्यात गाडी हातोहात अनेकदा विकली गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी कागदावरच्या पहिल्या मालकावरच आली. म्हणून विकणाऱ्याने नाव बदलेपर्यंत स्वस्थ बसू नये. घेणाऱ्यासाठी कलम १५७ आहे: गाडीबरोबर चालू पॉलिसीही आपोआप त्याच्याकडे आली असं कायदा मानतो, पण हस्तांतराच्या तारखेपासून चौदा दिवसांत कंपनीला कळवून प्रमाणपत्रात बदल करून घ्यायचा असतो.

पॉलिसी खरी आहे का आणि कधीपर्यंत आहे, हे एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहता येतं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरची कागदपत्रं पोलिसांना चालतात. रस्त्याच्या कडेला टेबल मांडून कोणी अर्ध्या किमतीत विमा देत असेल, तर समजावं की थर्ड पार्टीचा दर सरकारने ठरवलेला असतो आणि तो अर्धा होत नाही.

अपघातानंतर

जखमीवर उपचार हे पहिलं काम. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. ११२ वर फोन करावा. मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चं संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

दुसरं काम गाडीचा नंबर टिपणं. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर ‘हिट अँड रन’ योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर इजेला पन्नास हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी हे आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर होते. पण नंबर मिळाला, तर वर मांडलेला चोवीस लाखांचा दावा उभा राहू शकतो. रात्रीच्या अंधारात न दिसलेले चार आकडे एखाद्या कुटुंबाला बावीस लाखांना पडतात.

गाडी माहीत असेल तर दोन वाटा आहेत. कोणाची चूक हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख घेता येतात. किंवा चूक सिद्ध करून कलम १६६ खाली पूर्ण भरपाई मागता येते. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. तरी स्वतः अर्ज करायला उशीर करू नये. कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर थांबणं धोक्याचं.

अपघात वापीला किंवा सिल्वासाला झाला, तरी तलासरीच्या कुटुंबाला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. दावा करणारा जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. वकिलाची फी परवडत नाही, हेही कारण उरत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जावं किंवा १५१०० वर फोन करावा. रुग्णालयात भेटून ‘अर्ध्यावर केस लढतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या कोऱ्या कागदावर अंगठा देण्याआधी हा हक्क माहीत असायला हवा.

हा कायदा पुरेसा नाही. हौद्यातल्या बाईला तो वाऱ्यावर सोडतो, आणि विमा नसलेल्या गाडीखाली सापडलेल्याला कंगाल मालकाच्या दारात उभं करतो. पहिली उणीव संसद किंवा न्यायालयच भरून काढू शकेल. दुसरी आपल्या हातात आहे. घरात जी गाडी असेल, तिच्या पॉलिसीवरची शेवटची तारीख आज पाहा. आरसीवरचं नाव आपलं आहे का, मागे बसणाऱ्याचा आणि स्वतःचा विमा त्यात धरला आहे का, हेही पाहा. तारीख उलटली असेल तर नवी पॉलिसी हातात येईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. आणि कोणी मागितली तरी देऊ नका.